यंत्रातली बुद्धी आणि तिची कळ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. घरातल्या टेबलावरच्या यंत्रालाही इतिहास असतो हे सहसा ध्यानात येत नाही. कारण ते यंत्र आपल्यादेखत आले आणि आपल्यादेखतच जुने होत गेले. परंतु ज्याला आपण संगणक म्हणतो त्याच्या पोटात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत काय काय घातले गेले, त्यातले काय चालू ठेवले आणि काय बंद ठेवले, आणि ही चालू-बंद करण्याची कळ कोणाच्या हाती राहिली, हा प्रश्न एखाद्या राज्यकारभाराच्या इतिहासाइतकाच विचार करण्यासारखा आहे.

आज हा प्रश्न काढण्याला निमित्त आहे. नवा संगणक घ्यायला दुकानात जावे, तर विकणारा सांगतो, "ह्यात एआय आहे." एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. पण 'आहे' ह्या साध्या क्रियापदाचे येथे तीन अर्थ होतात, आणि विकणारा ते तिन्ही एकदम सांगून मोकळा होतो. वस्तू यंत्रात बसवलेली आहे, हा पहिला अर्थ. ती जागी आहे, म्हणजे चालू केलेली आहे, हा दुसरा. आणि ती माझ्या कामाची, माझ्या भाषेत चालणारी आहे, हा तिसरा. ह्या तीन अर्थांमधले अंतर किती असते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या मदरबोर्डवर इंटेल कंपनीची ८०८८ ही चिप होती, आणि तिच्या शेजारी एक रिकामी खोबण ठेवलेली होती. ही खोबण होती ८०८७ नावाच्या सोबत्यासाठी. ८०८८ला साधी बेरीज-वजाबाकी चांगली येई. पण अपूर्णांकांची, वर्गमुळांची, ज्या-कोज्यांची गणिते आली की ती बिचारी एकेक पायरी चढत बसे. १९८० साली निघालेला ८०८७ नेमका ह्याच कामात तरबेज होता. सेकंदाला अशी सुमारे ५० हजार गणिते तो करी, आणि त्या काळी हा आकडा डोळे दिपवणारा होता.

पण गंमत पाहा. ८०८७ विकत आणला, खोबणीत दाबून बसवला, म्हणजे काम झाले असे नव्हते. मदरबोर्डवर बारीक कळांची एक पट्टी होती. त्यातली एक ठराविक कळ फिरवून यंत्राला कळवावे लागे की, बाबा, तुझ्या घरी गणिती पाहुणा आला आहे. एवढे करूनही भागत नसे. आपण जो प्रोग्राम चालवणार, तो लिहिणाऱ्याने ह्या पाहुण्याला काम सांगण्याची तजवीज केलेली असावी लागे. नाहीतर पाहुणा आपला बसून आहे आणि यजमान घाम पुसत गणिते करतो आहे, असा प्रकार. वस्तू हवी, कळ फिरवलेली हवी आणि काम सांगणारा हवा. ही त्रिसूत्री पुढच्या साऱ्या इतिहासात वारंवार भेटते, म्हणून ती येथे जरा सविस्तर सांगितली.

१९८९ साली इंटेलने ४८६ हा प्रोसेसर काढला. त्यात सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर होते, आणि तो गणिती सोबती आता वेगळ्या खोबणीत न राहता प्रोसेसरच्या पोटातच नांदू लागला. कळ नको, जोडणी नको. वाटले, प्रश्न सुटला. पण १९९१ मध्ये त्याच कंपनीने ४८६ एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. सुरुवातीच्या एसएक्समध्ये गणिती भाग आत होता, पण तो बंद करून ठेवलेला होता. घरातच विहीर, पण रहाटाला कुलूप! मग ज्याला गणिती भाग हवा त्याच्यासाठी ४८७ एसएक्स ही वेगळी चिप विकायला ठेवली. तीही गणिती सोबती नव्हतीच. तो होता एक संपूर्ण ४८६ प्रोसेसर. तो खोबणीत बसला की जुना प्रोसेसर गप्प झोपी जाई आणि सगळा कारभार हाच पाही.

ह्यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. एकाच साच्यातून दोन किमतींचा माल काढणे हा व्यापाराचा जुना रिवाज आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक खूणगाठ बांधावी. १९८१ साली कळ मालकाच्या हाती होती. पेटीचे झाकण उघडून तो ती फिरवू शकत असे. १९९१ साली ती कळ कारखान्यातच राहिली. यंत्र आपले, वस्तू आपल्या यंत्रात, पण ती जागी करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे. ही स्थिती तेव्हापासून आपल्या परिचयाची झाली.

येथवर गणिताची गोष्ट झाली, बुद्धीची नाही. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्दप्रयोग अमेरिकेत जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका परिषदेच्या प्रस्तावात केला, आणि १९५६च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात ती परिषद भरली. पण घरगुती यंत्रात ह्या विद्येचा अंश यायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९९३ साली ॲपलने क्वाड्रा ८४०एव्ही हे मॅकिंटॉश यंत्र काढले. त्यात ध्वनी आणि चित्र ह्यांचे काम करणारी वेगळी चिप बसवलेली होती, आणि प्लेनटॉक नावाच्या सोयीने ते यंत्र तोंडी हुकूम ऐके. अर्थात इंग्रजीत. १९९६ साली आयबीएमने ओएस/२ वॉर्प ४ ह्या कार्यप्रणालीतच आवाज ओळखून लिहून घेण्याची सोय घातली. लोकांनी नवल केले आणि मग पुन्हा कीबोर्डावर बोटे ठेवली.

तिसरे उदाहरण अनेकांना आठवत असेल. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ ह्या संचात पडद्याच्या कोपऱ्यात डोळे मिचकावणारी एक कागदपिन येई. आपण पत्राचा मायना लिहायला घेतला की ही पिन टुणकन पुढे येऊन विचारी, पत्र लिहिताय का, मदत करू का? तिच्यामागे मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेतले ल्युमिएर नावाचे गंभीर काम होते. वापरणाऱ्याला काय हवे असावे ह्याचा संभवशास्त्राने अंदाज घ्यायचा, आणि जसजशी ओळख वाढेल तसतसे कमी बोलायचे, असा त्यातला विचार होता. पण माणसाची कायमची ओळख ठेवण्याचा जो भाग, तोच विक्रीच्या मालात आला नाही. परिणाम काय झाला? पाहुणा दररोज नव्याने ओळख करून घेई आणि दररोज तोच प्रश्न विचारी. लोक वैतागले. २००१च्या ऑफिस एक्सपीमध्ये ती पिन मुळातच बंद ठेवण्यात आली आणि ऑफिस २००७मध्ये ती गेलीच. न मागता चालू केलेली बुद्धी कितीही हुशार असली तरी माणसाला आगाऊच वाटते, हा धडा त्या दशकाने घालून दिला.

आता आपण आपल्या घरी येऊ. ह्याच काळात महाराष्ट्रात एक समांतर इतिहास घडत होता. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम झाले होते, ते पुढे तेथे जिस्ट ह्या नावाने वाढले. जिस्ट कार्ड हा संगणकात खोचायचा एक पत्रा होता. तो बसवला की इंग्रजी यंत्राच्या पडद्यावर देवनागरी उमटे. ह्या जिस्टचे पूर्ण नाव होते ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. त्या नावात 'इंटेलिजन्स' म्हणजे बुद्धी हा शब्द आहे, आणि तो उगाच नाही. आपल्या लिपीत अक्षरे नुसती एकापुढे एक मांडून चालत नाहीत. क आणि ष मिळून क्ष होतो. ऱ्हस्व इकार उच्चारात नंतर येतो पण कागदावर आधी बसतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्या शब्दांत एका रकाराच्या फरकाने विद्वानाचा स्वयंपाकी होतो! हा विवेक यंत्राला शिकवावा लागतो. तेव्हा भारतीय भाषकाच्या दृष्टीने त्याच्या संगणकातली पहिली 'बसवलेली बुद्धी' ही त्याची स्वतःची लिपी जुळवणारी बुद्धी होती, असे म्हटले तर ते वावगे होऊ नये.

पुढे ही बुद्धीसुद्धा ८०८७प्रमाणेच पोटात गेली. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सांकेतिक मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरी होती. २००० साली आलेल्या विंडोज २०००मध्ये आणि २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये मराठी होती. होती, म्हणजे कशी होती? आपल्या त्रिसूत्रीतल्या पहिल्या अर्थाने. कंट्रोल पॅनेल उघडायचे, प्रदेश आणि भाषा ह्यांचा विभाग काढायचा, आणि जटिल लिप्यांसाठीच्या फाइली बसवा, अशा अर्थाच्या एका चौकटीत खूण करायची. मग यंत्र मूळ सीडी मागे. सीडी मिळाली तर फाइली उतरत, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागे, आणि मग 'ज्ञानेश्वर' हा शब्द धड दिसे. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ही खूण मुळातच केलेली असू लागली.

एक चौकट! पण तिची गोष्ट लहान नाही. ती चौकट कुठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे, किंवा सीडी हाताशी नसल्यामुळे, कित्येक कचेऱ्यांत, छापखान्यांत आणि घरांत मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खासगी संकेतांत टाइप होत राहिला. त्या फाँटात तो मराठी दिसे. फाँट काढून घेतला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उरे. एका ठिकाणचे पत्र दुसऱ्या ठिकाणी वाचता येईना. आणि ज्या मजकुराला माणूस वाचू शकत नाही, त्यातून यंत्र तरी काय शिकणार? आज यंत्रे भाषा शिकतात ती साठवलेल्या मजकुरावरून. आपल्या कित्येक अर्जांचा, अहवालांचा, स्मरणिकांचा मजकूर त्या बंद संकेतांत अडकून राहिला, ही मराठीने त्या न केलेल्या खुणेबद्दल भरलेली किंमत आहे. कळ कुठे आहे हे माहीत असणे किती महत्त्वाचे असते, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही.

असो. आता अलीकडच्या काळाकडे वळू. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन ह्या तिघांनी चित्रे ओळखण्याच्या एका स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकले. त्यांचे मज्जातंतूंच्या धर्तीवरचे जाळे शिकले होते ते व्हिडिओ गेम खेळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. तेथून हे उघड झाले की ह्या बुद्धीला हवे असते ते एकाच प्रकारचे गणित, पण अफाट संख्येने.

हे गणित फार गूढ आहे असे मानू नका. वाण्याचे बिल आठवा. प्रत्येक जिनसाचा भाव गुणिले वजन, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. बस, एवढेच. जाळ्याला शिकवायचे म्हणजे त्याचे भाव ठरवायचे. आणि ते वापरायचे म्हणजे दर वेळी नवी वजने घालून बिल काढायचे. फरक इतकाच की असली बिले एका वाक्यासाठी कोट्यवधी काढावी लागतात. साधा प्रोसेसर हे करू शकतो, पण सावकाश. ग्राफिक्स कार्ड भराभर करते, पण वीज फार खाते. मांडीवरच्या लॅपटॉपची बॅटरी बसते. म्हणून केवळ हीच बिले, थोड्या विजेत आणि झटपट काढणारा तिसरा कारकून नेमला गेला. त्याला न्यूरल प्रोसेसिंग युनिट किंवा एनपीयू म्हणतात. १९८१च्या त्या गणिती सोबत्याचा हा वंशजच समजा.

२०१७ साली ॲपलने आयफोनच्या ए११ चिपमध्ये असा भाग घातला. तो सेकंदाला ६० हजार कोटी क्रिया करी, असे कंपनीने सांगितले. नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ चिपबरोबर तो मॅक संगणकात आला, आणि आकडा ११ लाख कोटींवर गेला. डिसेंबर २०२३मध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा ह्या लॅपटॉपच्या प्रोसेसरांत एनपीयू दिला. आणि २० मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसी हा नवा वर्ग जाहीर केला. त्याची अट अशी की एनपीयू सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा हवा, आणि १६ जीबी मेमरी हवी. आकड्यांनी भारावून जाण्याचे कारण नाही. ८०८७ची गणिते आणि ही गणिते एका जातीची नाहीत. पण वस्तू यंत्रात आली, हे खरे.

आता कळ. येथे २०२४-२५ ह्या एकाच वर्षाच्या आत दोन कंपन्या उलट दिशांनी चालल्या, आणि इतिहासकाराला असे योग क्वचित मिळतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या यंत्रांत रिकॉल नावाची सोय जाहीर केली. यंत्राने थोड्या थोड्या वेळाने पडद्याचे चित्र टिपून ठेवायचे, आणि पुढे आपण विचारले की, मागच्या आठवड्यात पाहिलेले ते निळे जाकीट कुठे होते, तर शोधून द्यायचे. कल्पना सोयीची; पण सुरक्षेचे अभ्यासक म्हणाले, अहो, मग त्या पडद्यावरचे बँकेचे आकडे, डॉक्टरांची पत्रे, खासगी बोलणे, हेही टिपले जाणार. शिवाय सुरुवातीच्या रूपात हा साठा पुरेसा कुलूपबंद नव्हता, हेही त्यांनी दाखवून दिले. तेव्हा ७ जून २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले की ही सोय मुळात बंद राहील, ज्याला हवी त्याने चालू करावी, आणि उघडताना आपली ओळख पटवावी. मग ती लांबणीवर पडली आणि एप्रिल २०२५मध्ये सर्वांसाठी आली. म्हणजे 'चालू'कडून 'बंद'कडे.

ॲपलची चाल ह्याच्या उलट. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी मॅकवर ॲपल इंटेलिजन्स आले, तेव्हा सेटिंग्जमध्ये जाऊन ते मागावे लागे आणि रांगेत थांबावे लागे. जानेवारी २०२५मधल्या नव्या आवृत्तीपासून ते आपोआप चालू होऊ लागले. ज्याला नको त्याने बंद करावे. म्हणजे 'बंद'कडून 'चालू'कडे. दोघांनीही कळ आपल्या हाती दिली आहे, हे कबूल केलेच पाहिजे. पण कळ मुळात कोणत्या बाजूला ठेवलेली आहे, हे ठरवणारा तो खरा कारभारी. बहुसंख्य माणसे मुळात जसे असेल तसेच राहू देतात. एक्सपीतली ती मराठीची चौकट आठवा.

आणि तिसरा अर्थ? माझ्या भाषेत चालणारी? मार्च २०२५च्या अखेरीस ॲपलच्या ह्या सोयीत भारतीय वळणाची इंग्रजी दाखल झाली; मराठी त्या यादीत नव्हती. दुसऱ्या बाजूला, मद्रास आयआयटीतल्या एआय४भारत ह्या गटाने २०२३ साली इंडिकट्रान्स२ हे भाषांतराचे प्रारूप खुले केले. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बाविसही भाषा त्यात आहेत, मराठी आणि कोंकणी धरून. ते उतरवून घेऊन स्वतःच्या यंत्रावर चालवता येते. ते कोणी आपल्या यंत्रात घालून दिलेले नाही. ते जिस्ट कार्डासारखे आहे. आपण जाऊन आणायचे आणि आपण बसवायचे. आधी बाहेरून आणायचे, मग पोटात जायचे, हा आपल्या भाषेचा यंत्रातला प्रवास पुन्हा एकदा पहिल्या पायरीवर आहे.

कोणी म्हणेल, सर, इतिहास पुष्कळ झाला. आम्ही करावे काय? तर दोन-तीन गोष्टी सहज करता येतात. विंडोज यंत्रात टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स ह्या पानावर एनपीयू असे नाव दिसते का ते पाहावे. दिसले तर वस्तू आहे. मग सेटिंग्जमधला खासगीपणा आणि सुरक्षा हा विभाग उघडावा आणि रिकॉल व चित्रे टिपणे ह्यांपुढची कळ कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. मॅकवर सेटिंग्जमध्ये ॲपल इंटेलिजन्स व सिरी असे पान आहे. तेथे ती सोय चालू-बंद करता येते. ती चालू करण्यासाठी यंत्राची आणि सिरीची भाषा एकच ठेवावी लागते. आणि प्रत्येक सोयीबद्दल एक प्रश्न अवश्य विचारावा : हे बिल माझ्या घरातला कारकून काढतो, की माझी यादी बाहेर पाठवली जाते? काही कामे यंत्रातच होतात, काही दूरच्या मोठ्या यंत्रांकडे जातात. पत्राचा मसुदा सुधारून घेणे निराळे आणि रोग्याचे कागद किंवा पक्षकाराचे दस्तऐवज दुसऱ्याच्या दारी पाठवणे निराळे.

मी घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. अंधांना पडद्यावरचे चित्र शब्दांत सांगणारी, बहिऱ्यांना समोरच्याचे बोलणे लिहून दाखवणारी, हात थरथरणाऱ्याचे तोंडी सांगणे टिपून घेणारी ही बुद्धी आहे. ती बंदच ठेवा असे सांगणारा मनुष्य एक्सपीतली मराठीची चौकट रिकामी ठेवा असे सांगणाऱ्याच्या पंक्तीला बसेल. पण ती कोणी चालू केली हे आपल्याला माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे. १९८१च्या त्या पेटीचे झाकण उघडायला पेचकस लागे, आणि म्हणून कळ फिरवणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक असे. आज पेचकस लागत नाही. पडद्यावर एक लहानशी चौकट येते, आपण 'पुढे' ह्या शब्दावर बोट ठेवतो आणि कामाला लागतो. त्या चौकटीतला मजकूर चार-पाच ओळींचाच असतो. तेवढ्या ओळी वाचण्यापुरते थांबावे. पेचकसाची जागा आता त्या वाचण्यानेच भरून काढायची आहे.